जिते ते कर्नाळा : बांध आणि रान

पनवेलहून रोह्याकडे निघालेली पॅसेंजर आपट्याच्या पुढे पाताळगंगेचे खोरे मागे टाकते आणि जिते नावाच्या एका लहान स्थानकावर क्षणभर विसावते. आपटा स्थानक निदान सिनेमामुळे तरी लोकांना ठाऊक आहे. १९९५ साली गाजलेल्या एका हिंदी चित्रपटाचा शेवट तेथे चित्रित झाला होता. जित्याच्या वाट्याला तेवढेही भाग्य आले नाही. पेण तालुक्यातील हे गाव, पलीकडे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले हमरापूर, एका अंगाला डोंगर व दुसऱ्या अंगाला खाडी. हा रेल्वेमार्ग आपट्याहून रोह्यापर्यंत १९८६ साली पोहोचला. त्यापूर्वी येथे यायचे तर मुंबई-गोवा रस्त्याने खारपाड्याचा पूल ओलांडून यावे लागे; त्याही पूर्वी माणसे आणि माल भरतीच्या पाण्यावर होडीने येत-जात असत.

नाताळनंतरच्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील दहा-बारा तरुणांना घेऊन मी या स्थानकावर उतरलो. बेत साधा होता. जित्याहून खाडीच्या बांधावरून खारपाड्याच्या पुलापर्यंत चालत जायचे, तेथून एस.टी.ने कर्नाळ्याला पोहोचून अभयारण्याच्या रानवाटेने किल्ल्यापर्यंत चढायचे आणि संध्याकाळी परतायचे. गुरुविद्यालयात असताना कर्नाळ्याचा किल्ला मी एकदा पाहिला होता. त्या वेळी कोणत्या साली किल्ला कोणाच्या हाती गेला, एवढाच इतिहास मला शिकवला गेला होता आणि तोच मी पुढे मुलांना शिकवला. ज्या जमिनीवरून आपण चालत आलो तिलाही इतिहास असतो, हे ध्यानात यायला मला पन्नाशी गाठावी लागली.

आपल्या वाचकांपैकी वसई-उत्तनकडील मंडळींना खाजण म्हणजे काय हे सांगायला नको. समुद्राच्या भरतीखाली जाणारी जमीन मातीचा बांध घालून अडवायची, पावसाच्या पाण्याने तिचा खारटपणा धुऊन काढायचा आणि तिच्यात भात पिकवायचे. गोव्यातील आपले बांधव हेच करीत आले. तेथे बांधाच्या दाराला ‘मानस’ म्हणतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात ‘उघाडी’ म्हणतात. शब्द वेगळा, युक्ती एकच. ओहोटीला आतले पाणी बाहेर ढकलले जाते आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटते. या यंत्राला इंधन लागत नाही. लागतो तो सावध माणूस.

जित्याच्या खालच्या अंगाला पाताळगंगेचे पाणी धरमतरच्या खाडीकडे व तेथून मुंबई बंदराकडे जाते. नदी खोपोलीकडून येते. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले तेव्हापासून घाटमाथ्यावर अडवलेले पाणी वीज निर्माण करून या नदीत उतरते. म्हणून कोकणातील इतर नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडल्या तरी पाताळगंगा वाहती राहते. वरून गोडे पाणी, खालून खारे पाणी, आणि दोहोंच्या मधोमध दोन-तीन हात उंचीचा मातीचा बांध. त्या बांधावरून आम्ही चालत होतो. उजव्या हाताला तिवर आणि चिपीची झाडे चिखलात मुळे रोवून उभी होती, डाव्या हाताला कापणी झालेली भातखाचरे. आमच्यापैकी एकाने विचारले, “फादर, हा बांध सरकारने बांधला का?” प्रश्न बरोबर होता. उत्तर मात्र एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते.

खारजमिनीतील शेतीची रीत गोड्या जमिनीहून निराळी आहे. गोड्या जमिनीत आधी राब जाळतात. म्हणजे झाडांच्या कापलेल्या फांद्या, पालापाचोळा व शेण वाफ्यावर पसरून पेटवतात आणि त्या भाजलेल्या मातीत रोप तयार करतात. खाऱ्या जमिनीत राब नाही आणि जुन्या रीतीत नांगरटही नाही. जमीन वर-खाली केली तर खालचे मीठ वर येते. तेथे मोड आलेले बी चिखलात फेकून पेरतात; त्याला ‘रहू’ म्हणतात. राता, मुणगा यांसारखी लालसर, जाड्या दाण्याची भाते या जमिनीला मानवत. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल’ नावाचे खार सोसणारे वाण काढले. एवढे सगळे करूनही एका रात्रीच्या उधाणात बांधाला खांड गेली तर सारे व्यर्थ. खारे पाणी एकदा आत शिरले की दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत पीक येत नाही.

वाटेत भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांला खेकड्याचे बीळ दाखवले. “पोरं नो, बांध समुद्र फोडीत नाही, हा फोडतो,” ते म्हणाले आणि वाकून ओंजळभर चिखल त्या भोकात कोंबला. उधाणाचे पाणी अशाच बारीक बिळातून वाट काढते, बीळ मोठे होते आणि तासाभरात खांड पडते.

तर बांध कोणाचा? कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ सालच्या गॅझेटियरमध्ये शिलोत्री नावाच्या पद्धतीचे वर्णन आहे. समुद्र हटवून जमीन तयार करणारा आणि बाहेरचा बांध दुरुस्त ठेवणारा तो शिलोत्रीदार. त्याबद्दल त्याला कुळांकडून बिघ्यामागे ठराविक धान्य मिळे. काही ठिकाणी कुळेच एकत्र येऊन बांध राखीत. खांड पडली की घरटी माणूस यावा, हा गावचा कायदा. मला या पद्धतीचे फार कौतुक वाटते. परंतु तिचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चिखल उचलणारे हात आणि धान्य मोजून घेणारे हात बहुधा वेगळे होते. बांधाच्या नावाने, खोतीच्या नावाने, व्याजाच्या नावाने कुळाच्या खळ्यावरचे भात खळ्यावरच संपत असे.

या गोष्टीला उत्तर मिळाले ते याच खारेपाटातून. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे शेतकऱ्यांची सभा भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. हा संप १९३९ पर्यंत चालला. वाचकांनी क्षणभर थांबून या सहा वर्षांचा विचार करावा. कारखान्यातील कामगार संप करतो तेव्हा त्याची मजुरी बुडते. शेतकरी संप करतो तेव्हा त्याच्या घरातील चूल विझते. लोकांनी रानातला लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले, अर्धपोटी दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा लढा आपला मानला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणारी कुळे मालक ठरली.

खोत गेला, ते उत्तम झाले. परंतु त्याच्याबरोबर बांधाच्या देखभालीची जुनी घडीही मोडली. १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला, पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला, बांध सरकारी योजनेत गेले. सरकारी कागदावर बांध असतो तेव्हा गावातील माणूस म्हणतो, दुरुस्ती खात्याने करावी; आणि खात्याकडे निधी येईपर्यंत पुढचे उधाण येते. गावाने घरटी माणूस पाठवायचा तो पाठवला नाही, यातही दोष एकट्या गावाचा नाही. तरुण मुले पनवेलला, तळोज्याला, मुंबईला नोकरीस जातात. चिखल उचलायला उरतात ते साठीच्या पुढचे. खांड पडलेल्या शेतात पाहता पाहता तिवरे उगवतात. तिवरे हा किनाऱ्याचा खरा रक्षक आहे, यात वाद नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली त्यांच्या तोडीवर बंदी घातली, तेही योग्यच झाले. पण ज्याच्या सातबारावर भातशेती आहे आणि डोळ्यांसमोर तिवरांचे वन आहे, त्या शेतकऱ्याला आपण काय सांगणार?

या प्रदेशातील लोक मुकाट्याने सोसतात असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील शेतजमिनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेण्याचे ठरले तेव्हा मोठे आंदोलन झाले आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाला शेतकऱ्यांचे मत मतपेटीतून घ्यावे लागले. जमीन द्यायची की नाही, असा प्रश्न शेतकऱ्याला विचारला जाणे हीच आपल्या देशातील दुर्मीळ गोष्ट. पेणच्या खारेपाटात तो प्रकल्प उभा राहिला नाही. चरीच्या संपातील माणसांची नातवंडे त्या मतदानाच्या रांगेत उभी असतील, असे माझे मन मला सांगते.

खारपाड्याच्या पुलाशी आमची बांधावरची वाट संपली. नावातच ‘खार’ असलेले हे गाव, पुलाखालून खाडी, पुलावरून गोव्याकडे धावणारी वाहने. तेथून एस.टी. पकडली. तारा गावावरून पुढे गेले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. काळ्या पाषाणाचा हा अंगठा मुंबई बंदरातूनही दिसतो. जुने इंग्रज खलाशी त्याला नरसाळ्याचा डोंगर म्हणत आणि बंदरात शिरताना खूण म्हणून वापरीत. बोरघाटातून उतरणारी वाट आणि पनवेल-आपट्याकडची बंदरे यांच्यावर ज्याची नजर, त्याच्या हाती व्यापार. एवढ्यासाठी या किल्ल्यावर इतक्यांचा डोळा होता.

आपल्या वाचकांना ओळखीची वाटेल अशी एक कथा येथे सांगतो. १५४० च्या सुमारास अहमदनगरच्या निजामशहाने कर्नाळा आणि पेणजवळचा सांकशी हे दोन्ही किल्ले घेतले. सांकशीच्या सरदाराने वसईच्या पोर्तुगिजांकडे धाव घेतली. वसईचा कप्तान दों फ्रान्सिश्कु दे मेनेझिश सैन्य घेऊन आला, किल्ले घेतले, निजामशाही फौजेशी झुंज दिली. आणि मग गोव्याच्या दरबाराने हिशेब मांडला. किनाऱ्यापासून आत डोंगरावरचे किल्ले राखण्याचा खर्च फार आणि निजामशहाशी वैर त्याहून महाग. तेव्हा वर्षाला ५,००० सोन्याच्या पारदावांच्या बोलीवर दोन्ही किल्ले निजामशहाला परत देण्यात आले. ज्या सरदाराने विश्वासाने हाक मारली होती त्याच्या हाती काही उरले नाही. पोर्तुगिजांच्या इतिहासाकडे आपण कधी अभिमानाने तर कधी अपराधी भावनेने पाहतो. माझ्या मते अशा प्रसंगी तो साध्या व्यापाऱ्याच्या इतिहासासारखा वाचावा.

पुढचा भाग पाठ्यपुस्तकांत आहेच. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कर्नाळा घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत जिंकला. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने इंग्रजांसाठी घेतला. पायथ्याजवळच्या शिरढोणला १८४५ साली वासुदेव बळवंत फडके जन्मले.

इंग्रज आले आणि किल्ल्याचे महत्त्व संपले. मोल आले ते भोवतालच्या रानाला. मुंबईला सरपण हवे, कोळसा हवा, जहाजांना आणि रेल्वेला लाकूड हवे. १८७८ च्या वनकायद्याने रान ‘राखीव’ झाले. राखीव म्हणजे कोणासाठी राखलेले, हा प्रश्न ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्याने तेव्हाच विचारला. कारण त्याच्या राबाच्या फांद्या याच रानातून येत. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. ओरड इतकी झाली की या दोन जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. येथे बांध आणि रान यांचा सांधा दिसतो. खाडीच्या बाजूला समुद्र शेतीत शिरू नये म्हणून शेतकरी झगडतो आणि डोंगराच्या बाजूला आपल्याला रानात शिरू द्यावे म्हणून झगडतो. दोन्हींच्या मध्ये त्याचे भाताचे खाचर.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहानंतर पावसाळा आला आणि महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह सुरू झाला. पुसदला बापूजी अणे यांनी गवत कापले, सांगलीकडे बिळाशीने इतिहास घडवला. कर्नाळ्याच्या डोंगररांगेपलीकडे, खाडीच्या मुलखात, चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथील अक्कादेवीच्या रानात भोवतालच्या गावांतील हजारो शेतकरी, कोळी, आदिवासी कोयते घेऊन गेले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ जण हुतात्मा झाले. मामलेदार जोशी हेही त्या दिवशी मारले गेले. हुतात्म्यांत चिरनेरचा नाग्या महादू कातकरी होता. त्याच्याबरोबर पडलेल्यांत आगरी होते, कोळी होते, न्हावी होता. पुढे सत्याग्रहींवर खटला भरला गेला तेव्हा बचावाच्या वकिलांत डॉ. आंबेडकर होते. एकाच माणसाने या मुलखाच्या रानासाठी न्यायालयात आणि खारजमिनीसाठी विधिमंडळात उभे राहावे, हा योगायोग मला लहान वाटत नाही.

नाग्याच्या जातीचे नाव कातावरून पडले आहे. खैराच्या गाभ्यापासून कात काढणारे ते कातकरी. वनकायद्यानंतर कात बंद झाला. ते कोळशाच्या भट्ट्यांकडे वळले. कोळसा संपला, आज ते वीटभट्ट्यांवर जातात. दिवाळीनंतर घरदार घेऊन निघतात आणि पावसापूर्वी परततात, त्यामुळे मुलांची शाळा मध्येच तुटते. पेण व पनवेल तालुक्यांतील डोंगराच्या कडेला त्यांच्या वाड्या आहेत. केंद्र शासनाने कोलाम व माडिया गोंडांबरोबर त्यांची गणना आदिम जमातींत केली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानावरचा त्यांचा हक्क तत्त्वतः मान्य केला. परंतु हक्काचा दावा कागदावर मांडायचा असतो आणि कागद तर वीटभट्टीवर बरोबर नेता येत नाही.

कर्नाळ्याचे रान १९६८ साली पक्षी अभयारण्य झाले, महाराष्ट्रातील पहिले. प्रारंभी त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरांहूनही कमी होते, २००३ मध्ये ते बारा चौरस किलोमीटरांहून अधिक झाले. मध्ये गोव्याचा महामार्ग आहे. आत हरियाल आणि मोरटाका या दोन पायवाटा आहेत. आम्ही किल्ल्याच्या वाटेने चढलो. ऐन, साग, कोशिंब, उंबर यांची सावली; मुले वर्गात कधी गप्प बसली नसतील इतकी गप्प झाली होती, कारण एका उंबरावर शेपटीला दोन लांब पिसे मिरवणारा भृंगराज बसला होता. दीडशेहून अधिक जातींचे पक्षी येथे दिसतात. हे रान राखले गेले नसते तर मुंबईच्या इतक्या जवळ ते उरले नसते, हे कबूल करायलाच हवे. ज्यांना रानातून बाहेर काढले त्यांच्या बाजूने बोलताना मी हे विसरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींच्या शेजारी अवघडून बसलेल्या आहेत.

सुळक्याच्या पायथ्याशी पाण्याची खोदीव टाकी आहेत. तेथे बसून आम्ही भाकरी सोडली. समोर पाताळगंगेचे वळण, खारपाड्याचा पूल, त्यापलीकडे जित्याची बाजू, पश्चिमेला मुंबई बंदराचे चकाकणारे पाणी. त्या पाण्यावरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात नवनगर वसवण्यासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली. त्या नियोजित नगराचे नाव कर्नाळा-साई-चिरनेर. मी मुलांना ते नाव दोनदा म्हणायला लावले. एक किल्ल्याचे, एक हुतात्म्यांच्या गावाचे. नगर व्हावे की न व्हावे, यावर आमच्यात वाद झाला. एकाच्या मते नोकऱ्या येतील. दुसरीने विचारले, बांध कोण राखील? त्यांना मी वाद घालू दिला.

परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून आम्ही पुन्हा जित्याच्या बाजूला आलो. एका वाडीजवळ पोपटीची तयारी चालली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा. आम्हांलाही आग्रह झाला, पण गाडी चुकली असती. सकाळचे ते वृद्ध शेतकरी बांधाकडे निघाले होते, हातात फावडे आणि बॅटरी. “आज उधाण आहे,” ते म्हणाले, “उघाडी पाहून येतो.” आमच्यातील दोन मुले त्यांच्याबरोबर गेली. गाडीची शिटी ऐकू आली तेव्हा ती धावत परतली. दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते आणि डब्यातील लोक त्यांच्यापासून दूर सरकून बसले.